मोळी बांधायला पाय लागत नाहीत

ऑपरेशन हृदयाचं होतं आणि अडलं होतं दातांवर. पत्रकाचा मथळा म्हणून मी हे वाक्य लिहिलं, तेव्हा आमच्या संघटनेतल्याच एकानं ते खोडलं. म्हणाला, लोकांना वाटेल आपण चेष्टा करतोय. आम्ही वस्तीवरच्या विहारात बसून पत्रकं लिहायचो आणि तिथंच त्यांच्या घड्या घालायचो. त्या दिवशी घड्या तशाच राहिल्या आणि मी तासभर भांडले. चेष्टा आम्ही करत नव्हतो. चेष्टा पोरीची चालली होती, आणि ती करणाऱ्यांना ती चेष्टा वाटतही नव्हती.

पोरगी पाच वर्षांची. आष्टी तालुक्यातली, कडा गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. जन्मापासून हृदयाला भोक. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकातल्या डॉक्टर मॅडमनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही, तेव्हा घरच्यांना कळलं. तोवर सगळे म्हणायचे, पोरगी नाजूक आहे, पळाली की दमते, सर्दी सुटत नाही. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून फुकट होणार होती, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. कागद झाले, तारीख मिळाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी पोरीचं तोंड उघडून बघितलं. पुढचे दात काळे, दाढांना खड्डे. म्हणाले, आधी दात नीट करून आणा. किडक्या दातांतले जंतू रक्तात जातात आणि रक्तातून हृदयात. असं तोंड असताना आम्ही हृदय उघडणार नाही.

बरोबरच होतं त्यांचं. पण एवढ्याशा पोरीचे दात असे का झाले, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. रांगायला लागल्यापासून ती त्यांच्याबरोबर फडात. आईबाप सरीत, पोरगी बांधावर, हातात उसाचं कांडं. रडू नये म्हणून ऊस, भूक लागली म्हणून ऊस, झोपताना तोंडात ऊस. सोबत दुसरं काही द्यायला नाही आणि ऊस तर चारी बाजूंनी उभा. दात राहतील कसे?

मला ही पोरगी भेटली तिच्या आत्यामुळं. बीडला एका सरकारी इमारतीत बुधवारी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी असायची. वरच्या मजल्यावर. लिफ्ट होती, तिच्यासमोर एक स्टूल होतं आणि स्टुलावर शिपाई होता. लिफ्ट कधी चालू होणार विचारलं की तो वर बघायचा, जणू ते वरून ठरतं. मी खाली जिन्यापाशी पत्रकं वाटत उभी होते. मथळा होता, ‘अपंगांची तपासणी माडीवर कावून?’

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसलेली. कुबडी मांडीवर आडवी टाकलेली. शेजारी एक बारकी पोरगी. दोघीही दम खात होत्या. मला वाटलं पोरगी आपली सोबत म्हणून बसलीय.

“हिला वर पळत जाऊन नंबर लावायला सांगा की,” मी म्हणाले.

“पळाया कुठली,” बाई हसली. “माझा पाय चालत न्हाई, हिचं काळीज चालत न्हाई. आमची दोघींची चाल एकच हाय.”

ही आत्या. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळला. जुनं प्रमाणपत्र आता चालत नव्हतं, सरकारचा निराधारांचा महिन्याचा पगार चालू राहायला नवं पाहिजे होतं. पायानं मशीन मारता येत नाही म्हणून हातमशीनवर ब्लाउज शिवते. कोयत्याच्या कामाची नाही म्हणून दिवाळीनंतर वस्ती रिकामी होते तेव्हा म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ती मागं राहतात. त्या वर्षी पोरगीही तिच्याकडं होती. हृदयाच्या पोराला फडातल्या थंडीत आणि धुरात नेऊ नका, असं पथकातल्या मॅडमनी बजावलं होतं.

तिनं माझं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. घडी घालून पिशवीत ठेवलं.

“झ्याक लिहिलंय,” म्हणाली. “पन ज्याला हे वाचायचंय त्यो वरती बसलाय. त्यो खाली येतो व्हय जिन्यानं?”

मी पत्रकं झोळीत टाकली. आम्ही दोघींनी मिळून पोरीला मध्ये धरलं आणि एकेक पायरी चढलो. वर गेल्यावर कळलं की हाडांचे डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या बुधवारी या. आत्या कुबडी वळवून जिन्याकडं निघाली. मी बोलले. लई बोलले. पण ते इथं लिहीत नाही, कारण खाली उतरताना आत्यानं मला दातांचं सांगितलं आणि तेव्हापासून मी तिच्या प्रमाणपत्राचं बाजूला ठेवून पोरीच्या मागं लागले. आत्याचंच म्हणणं तसं होतं. माझा पाय कुठं पळून चाललाय, म्हणाली.

दातांसाठी आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो. दातांचे डॉक्टर तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. पोरीचे कागद बघून त्यांनी हातमोजे काढले.

“हार्ट पेशंट आहे. मी दात काढला आणि काही झालं तर? तिकडच्या डॉक्टरांकडून लेखी आणा, की काढायला हरकत नाही.”

मी तिथूनच शहरातल्या रुग्णालयात फोन लावला. तिकडून एक मॅडम म्हणाल्या, “दातांच्या डॉक्टरांकडून लेखी आणा, की तोंड साफ आहे. मग तारीख देऊ.”

आत्यानं दोन्हीकडचं ऐकलं. “म्हंजी हे त्यांच्याकडं बघतेत, ते ह्यांच्याकडं बघतेत,” ती म्हणाली, “आन पोरगी बघती माझ्याकडं.”

मी डॉक्टरांच्या दारात उभी राहिले.

“सर, तुम्ही त्यांच्याशी बोला.”

“माझ्याकडं त्यांचा नंबर नाही.”

“माझ्याकडं आहे. लागलेला आहे. घ्या.”

“तुम्ही हिच्या कोण?”

“कुणी नाही.”

“मग एवढं कशाला?”

“जी हिची आहे तिला तुम्ही दोनदा बाहेर थांबा म्हणालात, म्हणून.”

त्यांनी फोन घेतला. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलले. अमुक औषधाचा डोस आधी द्यायचा, मग दात काढायचे, टप्प्याटप्प्यानं. एवढंच होतं. दोन शिकलेली माणसं एकमेकांशी बोलली, एवढंच. ज्या कामाला एक फोन लागतो त्यासाठी आत्या कुबडी घेऊन किती वेळा एसटीत चढली आणि उतरली असेल, याचा हिशेब कुठल्याच कार्यालयात नाही. मी तेव्हाही हे म्हणाले, आताही म्हणते.

दात निघाले. पोरगी प्रत्येक वेळी रडली आणि प्रत्येक वेळी दात कापसात गुंडाळून मागून घेतला. आत्याच्या घराचा पत्रा उतरता होता, त्यावर ती दात फेकायची आणि खडखड आवाज करत तो परत खाली यायचा. “वरचा देव बी घेत न्हाई गं तुझं किडकं दात,” आत्या म्हणायची. पोरगी तो शोधून पुन्हा फेकायची.

मग नवी तारीख आली. आणि तारखेबरोबर नवी अट, जी खरं तर जुनीच होती, आम्हीच तिच्याकडं बघितलं नव्हतं. सहीला आई नाहीतर बाप पाहिजे, आणि वॉर्डात पोरीजवळ आई पाहिजे. आत्या चालणार नाही.

आईबाप होते कर्नाटकाच्या हद्दीवरच्या फडात. ज्यांनी हे काम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. बायको एका दिवसासाठी गेली तरी त्या दिवशी तो कोयता हजेरीत धरत नाहीत, दोघांचाही दिवस बुडतो. हंगामाच्या आधीच टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं त्याला विचारल्याशिवाय उठून जायची सोय नाही. सरकारनं शस्त्रक्रिया फुकट केली, हे मी मान्य करते. पण आईला कोण मोकळं करणार, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नव्हतं.

मी मुकादमाला फोन केला. आत्याच्या ओट्यावर बसून, स्पीकर चालू करून.

“मॅडम, कोयता म्हंजी दोन मानसं,” तो म्हणाला. “एक गेलं का मोडला कोयता. आज हिला सोडलं तर उद्या टोळीतले बाकीचे इचारतेत, आमाला कावून न्हाई?”

“त्यांना सांगा, पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे.”

“सगळ्यांच्याच लेकरांना काय ना काय हाय, मॅडम.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी कायदा काढला, कामगार कार्यालय काढलं, पत्रकार काढले. तो ऐकत राहिला. अशा धमक्या त्याला रोजच्या होत्या. तेवढ्यात आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

“दादा, वैनीच्या जागी मी येते.”

पलीकडून हसणं. “तू? तू कुबडी धरशील का कोयता?”

“कोयता माझा भाऊ धरंल. मोळी बांधायला पाय लागत न्हाईत.”

“आन वाहायची कुनी?”

“भाऊ वाहील. तुमच्या टोळीतले गडी काय झोपा काढाया आलेत व्हय? दोन मोळ्या जास्तीच्या उचलतेन.”

“अगं, निराधारचा पगार घेती तू. ऊस तोडताना कुनी फोटू काढला तर पगार बंद व्हईल.”

“काढू द्या की. फोटूत बी मी बसलेलीच दिसंन.”

पलीकडं त्यानं कुणाला तरी गाडी लावायला ओरडून सांगितलं. मग म्हणाला, पोरगी दवाखान्यातून सुटेपर्यंत. एकदाच. पुन्हा हे नाटक चालणार नाही.

फोन ठेवल्यावर मी आत्याशीच भांडले. कागदोपत्री आपण सिद्ध करतोय की तुम्हाला अमुक काम होत नाही, आणि तुम्ही निघालात उसात. आपण तक्रार करू. दाद मागू. हे त्यांनी करायला पाहिजे, तुम्ही का करायचं?

“कर की तक्रार. मी कुठं नको म्हनते,” ती मशीनवर झाकण ठेवत म्हणाली. “पन तारीख आधी हाय. पत्रक मागून काढ.” आणि थोड्या वेळानं, “लहानपनापसून ऐकते, हिचा काय उपेग न्हाई. बघू दे तरी मला, हाय का न्हाई.”

ती निघाली त्या दिवशी पोरीनं कुबडी धरून ठेवली. एसटीचा कंडक्टर घाई करत होता. आत्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला माझ्या कडेवर दिलं. वजन काहीच नव्हतं.

मी पोरीला शहरातल्या रुग्णालयात घेऊन गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी तिथं पोरीची आई आली. थेट फडातून. पाचटानं चरे पडलेले हात, केसांत धूळ, हातात एक पिशवी. पोरगी आधी तिच्याकडं गेलीच नाही, माझ्या पायामागं लपली. मग आईनं पिशवी उघडी केली, पोरीनं आत बघितलं आणि गेली. पिशवीत काय होतं हे मी बघितलं नाही. चादर आणि लुगडं असेल असं धरलं.

सिस्टरनी आईला नीट समजावलं. रात्रीपासून पोरीला काही द्यायचं नाही. जेवण नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, पाणीसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय नाही. आईनं प्रत्येक शब्दाला मान डोलावली. वॉर्डात एकालाच राहायची परवानगी, म्हणून मी बाहेरच्या हॉलमध्ये थांबले.

सकाळी आईला सह्यांसाठी टेबलापाशी बोलावलं, तेव्हा पोरीजवळ थांबायला मला आत घेतलं. सह्या झाल्यावर सिस्टर ट्रॉली घेऊन आल्या.

“रात्रीपासून काही दिलं का हिला?”

“न्हाई बाई,” आई म्हणाली. “पानीसुदीक न्हाई.”

“नक्की?”

“लेकराची शपथ.”

सिस्टर कागदावर लिहू लागल्या. मी पोरीला हिरवा अंगरखा घालत होते. एक हात बाहीत गेला, दुसरा जाईना, कारण तिनं मूठ आवळून धरली होती. मी मूठ उघडली. आत उसाचा चोथा होता. ओला.

“हे काय?” मी हळू आवाजात विचारलं.

“ऊस हाय,” आई म्हणाली.

“कधी दिला?”

“आत्ताच, उजाडताना. भुकंनं रडाया लागली. सिस्टर म्हनल्या काय खायाला द्यायचं न्हाई. म्हनून मंग ऊस दिला.”

ती खोटं बोलत नव्हती. शपथही खोटी नव्हती. फडात सकाळपासून माणूस ऊसच चघळत असतं, आणि दुपारी कुणी विचारलं, खाल्लं का काही, तर ते नाहीच म्हणतं. ऊस खाण्यात धरत नाहीत. भाकरी खाणं, कालवण खाणं. ऊस नुसता तोंडात असतो. तिनं चांगल्यातला चांगला ऊस निवडून एवढ्या लांब आणला होता, आणि पोरीला पुढचे दात नाहीत म्हणून नखाएवढे तुकडे करून दिले होते.

माझा चेहरा बघून तिला कळलं. तिनं माझं मनगट धरलं.

“ताई, सांगू नका. तारीख जाईल.”

तारीख जाईल. आत्या पुन्हा फडात जाऊ शकणार नाही, मुकादम एकदाच म्हणाला होता. पुढच्या तारखेला पोरीला खोकला असेल, नाहीतर ताप असेल. हे सगळं मला तिच्यापेक्षा कमी कळत नव्हतं. पण भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि छातीत जातं, हेही मला माहीत होतं. आमच्याच एका पत्रकात ते होतं. मी लिहिलं होतं.

“सिस्टर,” मी म्हणाले, “हिनं ऊस खाल्लाय.”

आईनं माझं मनगट सोडलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या. चोथा बघितला, आईकडं बघितलं.

“किती वेळा सांगायचं तुम्हाला? तुम्ही लोक ऐकतच नाही. आजचं कॅन्सल. पुढची तारीख घ्या.”

“मॅडम, ‘तुम्ही लोक’ म्हणू नका,” मी म्हणाले. “तिनं ऐकलं. जेवण, दूध, बिस्कीट, पाणी. यातलं काही दिलं नाही तिनं. ऊस कुणी म्हणालं नव्हतं.”

“ऊस कोण म्हणेल?”

“तुमच्याकडं ऊसतोडीची लेकरं येतात का?”

“येतात ना.”

“मग म्हणायला पाहिजे.”

त्या थांबल्या. दमलेल्या दिसत होत्या. मी आवाज वाढवला नाही. पुढची तारीख म्हणजे काय, ते सांगितलं. या बाईच्या जागी कोण बसलंय, कशी बसलीय, कुबडी कुठं ठेवलीय. परत तिलाच बसवता येणार नाही हे सांगितलं. आणि विचारलं, पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो? लागेल तेवढा थांबतो. दिवसभर थांबतो. बेड सोडणार नाही.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

“दुपारी ज्याचं ऑपरेशन होतं तो मुलगा तयार आहे, त्याला आधी घेतोय. तो वेळेत आटपला तर हिला नंतर. नाही आटपला तर मी काही करू शकत नाही.” मग आईकडं वळून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “आता चघळायचं नाही. चोखायचं नाही. तोंडात काही ठेवायचंच नाही.”

आईनं पिशवीतून उरलेला ऊस काढला आणि माझ्या हातात दिला. “हे तुमीच ठेवा,” म्हणाली आणि पलीकडं तोंड करून बसली. मग दिवसभर मी खांद्यावरच्या झोळीत उसाची कांडकी घेऊन त्या रुग्णालयात फिरत होते. रखवालदारानं दोनदा विचारलं, हे काय. दोनदा सांगितलं, ऊस.

मध्येच आत्याला फोन केला. वारा ऐकू येत होता आणि मागं कुणीतरी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होतं.

“झालं व्हय?”

मी काय घडलं ते सांगितलं. ती हसली, पण लगेच थांबली.

“वैनीचं काय चुकलं? आमच्यात ऊस खान्यात धरतेत कुठं? मी असते तर मी बी दिला असता.” मग आवाज बदलला. “हे बघ. आज न्हाई तर उद्या, उद्या न्हाई तर परवा. पन पोरीचं झाल्याबिगर वैनीला तिथनं हलू देऊ नको. त्यो मुकादम आला व्हता सकाळी बघाया, मोळी उचलून आपटून बघितली त्यानं. सुटली न्हाई. मी बसलेय इथं.”

मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण ऐकत होती. मोळी आपटल्याचं ऐकून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जरा हललं.

तो मुलगा वेळेत आटपला. दुपार कलल्यावर पोरीला नेलं. दारापर्यंत आई ट्रॉलीला धरून चालली, आणि दार बंद झाल्यावर तिथंच फरशीवर बसली. लोक तिला ओलांडून जात होते. ऊठ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मी शेजारी बसले.

दिवे लागल्यावर डॉक्टर बाहेर आले. भोक बंद केलंय, म्हणाले. काही दिवस अतिदक्षता विभागात, मग वॉर्डात. आईनं हात जोडले, ते घाईत निघून गेले, तरी तिचे हात जोडलेलेच.

“सकाळी तुमचा लई राग आलता मला,” ती म्हणाली. ऊस माझ्या हातात दिल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

“आणि आता?”

“आता बी हाय थोडा.”

पोरगी वॉर्डात आल्यावरही आम्ही तिथंच होतो. एका सकाळी मी आईला चहा द्यायला आत गेले, तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या लेकराची ट्रॉली आली, त्याच सिस्टर होत्या. त्यांनी त्याच्या आईला विचारलं, “खाल्लं काही? प्यायलं? चघळलं? चोखलं?” ती बाई गोंधळून म्हणाली, चोखायला काय असतं? सिस्टरनी आमच्या खाटेकडं बघितलं नाही. पण मी ऐकलं.

पोरीला सोडलं, त्या दिवशी अदलाबदल कड्याच्या स्टँडवर झाली. आत्या फडातून आली, आईला त्याच दिवशी उलट्या गाडीनं परत जायचं होतं. लेकराच्या छातीवरचे टाके ताजे आणि आई निघाली कोयत्याला. ही गोष्ट मी चांगली झाली म्हणून सांगतेय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हे वाक्य पुन्हा वाचावं. आत्याचं म्हणणं होतं की तिनं अजून बसावं, आईचं म्हणणं होतं की मुकादम शब्दाला जागला, आपणही जागायचं. दोघी स्टँडवर एकमेकींना पिशव्या देत भांडत होत्या. शेवटी आईनं पोरीचा मुका घेतला आणि गाडीत चढली.

आत्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. कुबडीच्या टोकाला डब्याचं गोल झाकण ठोकलेलं. काळ्या रानात कुबडी रुतायची, म्हणून भावानं ते बसवून दिलं होतं. फरशीवर ती टेकली की टणकन वाजायचं.

“आत्या, मला शिवलंय,” पोरगी म्हणाली आणि फ्रॉकचा गळा खाली ओढला.

आत्या बाकावर बसली. जवळ घेऊन, मान तिरकी करून तिनं ती रेघ वरून खालपर्यंत बघितली. ब्लाउजची शिवण बघावी तशी.

“शिवन सरळ हाय,” म्हणाली. “हात बसलेला हाय शिवनाराचा.”

आणि मग तिनं चिंध्या बांधलेल्या बोटांनी डोळे पुसले.

आम्ही पत्रक काढलं. मथळा आत्यानं दिला, ‘ऊसपण खाणंच आहे’, आणि या वेळी कुणी खोडला नाही. तारीख मिळालेल्या लेकरांच्या घरी आम्ही ते दसऱ्याच्या आधी देतो, टोळ्या हलायच्या आत. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतो. दुसरं पत्रक आईच्या रजेचं आहे. लेकराच्या ऑपरेशनला गेलेल्या बाईचा कोयता मोडला असं धरायचं नाही आणि त्या दिवसांचं सरकारनं भरून द्यायचं, एवढी साधी मागणी. ते घेऊन मी किती दारांत उभी राहिले हे मोजत नाही. उभी राहते.

आणि आत्याचं नवं प्रमाणपत्र अजून व्हायचंय. मागच्या बुधवारी आम्ही तिघी पुन्हा गेलो. स्टूल तिथंच होतं, शिपाई तोच होता. मी पत्रकाचा गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि साहेबांना खाली बोलवा म्हणून त्याच्याशी वाद सुरू केला. आत्या कुबडी सावरत पहिल्या पायरीवर चढली. झाकण तिनं काढलेलं नव्हतं, त्यामुळं सगळ्या जिन्यात आवाज घुमत होता. पोरगी नेहमीसारखी तिच्या बाजूनं चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर आत्या थांबली, सवयीनं शेजारी हात पसरला, तर तिथं कुणी नव्हतं.

पोरगी वर पोचली होती. कठड्याच्या गजांमधून तोंड काढून ती खाली बघत होती.

“आत्या, ये की,” ती म्हणाली. “डॉक्टर आलेत. मी नंबर धरलाय.”